ताशाचा हात आणि हिप-हॉपचा ठेका: नागपुरात सांबा पथकात नव्याने येणाऱ्यांसाठी

पहिल्या रविवारी मला काड्या खाली ठेवायला सांगितलं. सहा वर्षं गणपतीत ताशा वाजवलेली मी, त्यामुळे राग आला. "फक्त तोंडाने म्हणा," आमचे म्होरके दादा म्हणाले. दोन रविवार नुसतं तोंडाने म्हणण्यात गेले. तिसऱ्या रविवारी काड्या हातात आल्या आणि चौथ्या मिनिटाला लय सोडून सगळ्यांच्या पुढे पळत असलेली मी एकटीच होते.

मैदानाच्या फाटकाशी एक तर्री-पोहेवाला उभा असतो. सराव संपल्यावर प्लेट हातात देताना तो म्हणाला, "ताई, सुरू केलं तवा बरं होतं जी. मंग तुम्ही काऊन पळून राहिल्या?"

त्याला जे ऐकू आलं ते मला ऐकू येईपर्यंत चार महिने गेले. हे चार महिने तुमचे वाचावेत म्हणून हा लेख. ढोल-ताशा पथकातून, संदलच्या (मिरवणुकीत नाचायला लावणाऱ्या ताफ्याच्या) वाजवण्यातून किंवा थेट कोऱ्या हाताने सांबा गटात येत असाल आणि तिथे पहिलाच ठेका हिप-हॉपचा पुढ्यात आला असेल, तर क्रमाने वाचा. फक्त तिसरी पायरी गाळू नका.

१. आपण नेमकं काय वाजवतोय ते आधी समजून घ्या

सांबा पथक म्हणजे ब्राझीलच्या धर्तीवरचा चालत वाजवणारा तालवाद्यांचा ताफा. रिओच्या कार्निव्हलमधला सांबा फार वेगवान असतो, मिनिटाला १३०-१४० ठोक्यांच्या आसपास किंवा त्याहून पुढे. साल्वादोर शहरातला सांबा-रेगे त्यापेक्षा संथ आणि जड. १९७९ साली तिथे सुरू झालेल्या ओलोदुम या गटाने तो जगभर नेला. हिप-हॉपचा ठेका याच संथ घराण्याच्या जवळ बसतो.

हिप-हॉपची जन्मकथा १९७३ सालची, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली. डीजे कूल हर्क दोन तबकड्यांवर एकच रेकॉर्ड लावून गाण्यातला फक्त ड्रम वाजतो तो तुकडा लांबवत असे, आणि लोक त्याच तुकड्यावर नाचत. म्हणजे मुळात हा एका माणसाने ड्रमसेटवर वाजवलेला ठेका. उजव्या पायाने मोठा ड्रम, डाव्या हाताने स्नेअर (तारा ताणलेला छोटा ड्रम), उजव्या हाताने झांज.

सांबा पथकात त्या एका माणसाचं काम वीस जणांत वाटलेलं असतं. पाय तुमचा, हात तिसऱ्याचा, झांजेचं काम मागच्या रांगेतल्या काकूंच्या खुळखुळ्याचं. सगळी अडचण इथे आहे आणि सगळी मजाही. ढोल-ताशात प्रत्येकजण जवळजवळ पूर्ण ठेका वाजवत असतो, इथे तुमच्या वाट्याला आठ सेकंदांत मोजून सहा ठोकेसुद्धा येऊ शकतात.

ही सरमिसळ नागपूरच्या पोरांचं खूळ आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना १९९७ सालचं रिओ सांगा. विरादोरो या सांबा शाळेच्या वादकांना मेस्त्रे झोर्झाँव यांनी भर मिरवणुकीत सांबा थांबवून रिओच्या वस्त्यांमधला फंक ठेका वाजवायला लावला. त्या वर्षी तीच शाळा जिंकली.

२. वाद्य निवडा, पण विकत घेऊ नका

पहिले दोन महिने गटाचं वाद्य वाजवा. मी तिसऱ्याच आठवड्यात घाईने एक ड्रम घेतला. दुकानदाराने "सेम टू सेम ब्राझील" म्हणून विकला, आणि पहिल्या पावसाळ्यात त्याचं कडं वाकडं झालं. आता त्यात आमच्याकडे कांदे असतात.

सुर्दो हा पथकाचा पाया. मोठा नगारा, एका जाड मऊ टोकाच्या काठीने वाजतो, दुसरा हात पानावर, म्हणजे वरच्या ताणलेल्या पडद्यावर, ठेवून आवाज दाबतो. बहुधा तीन आकारांत असतो. खरा सुर्दो मिळाला नाही तर पथकातला ढोल चालतो, फक्त हाताने वाजवायची थापीची बाजू विसरायची. काही गट निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपावर भागवतात. आवाज कोरडा येतो, पण शिकायला पुरतो.

काइशा म्हणजे तारा ताणलेला स्नेअर. बँडवाल्यांचा साइड ड्रम म्हणजे जवळपास हाच. ताशावाल्यांना सगळे इथेच पाठवतात. तिथेच सर्वांत जास्त घोळ होतो, त्यावर सहाव्या पायरीत बोलू.

रेपिनिके उंच आवाजाचा ड्रम. हाक द्यायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. हा पहिल्या वर्षी मागू नका.

तांबोरीं हा तळहाताएवढा, साधारण सहा इंची चौकटीचा ड्रम. बिनझांजेची खंजिरी समजा, लवचिक काडीने वाजवतात. अगोगो म्हणजे दोन स्वरांच्या जोडघंटा. पोळ्याच्या बाजारात बैलांच्या गळ्यातल्या दोन वेगळ्या आवाजाच्या घंटा घेऊन आमच्या एका दादांनी जो अगोगो केलाय, तो विकतच्यापेक्षा गोड वाजतो. शोकाल्यु म्हणजे खुळखुळा. पत्र्याच्या डब्यात मूठभर मूग टाकून तोंड टेपने बंद केलं की झालं.

कोऱ्या हाताने येणाऱ्याने सुर्दो घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ठोके कमी, जबाबदारी मोठी, आणि चूक झाली की अख्ख्या मैदानाला कळते. शिकायला याहून चांगली सोय नाही.

३. काठी न उचलता सोळा घरं तोंडपाठ करा

एक आवर्तन चार मात्रांचं. प्रत्येक मात्रेचे चार तुकडे, म्हणून सोळा घरं. वहीच्या चौकटीच्या पानावर काढा:

१ २ ३ ४ । ५ ६ ७ ८ । ९ १० ११ १२ । १३ १४ १५ १६

धूम – – – । टाक – – धूम । – – धूम – । टाक – – –

धूम म्हणजे सुर्दो: पहिलं, आठवं आणि अकरावं घर. टाक म्हणजे काइशाचा जोरकस ठोका: पाचवं आणि तेरावं घर. एवढंच. बाकी सगळा शृंगार.

आता नवव्या घराकडे बघा. रिकामं आहे. तबला शिकलेल्यांना तीनतालाची नववी मात्रा खाली असते ते आठवेल. साम्य तेवढंच, कारण तीनतालात सोळा मात्रा असतात आणि इथे चारच मात्रांचे सोळा तुकडे. पण ते रिकामं घर रिकामं ठेवणं हीच खरी परीक्षा. आठव्यावर धूम पडला की हात आपसूक नवव्याकडे झेपावतो. मनात कोणीतरी म्हणतं, इथे काहीतरी असायला हवं. नाहीये. आठव्याचा धूम नवव्याच्या दारापर्यंत आणून सोडतो आणि तुम्ही आत जायचं नाही.

म्हणताना टाळी द्या, पण धूमवर नाही, टाकवर. आपल्याला भजनापासून वरातीपर्यंत पहिल्या ठोक्यावर जोर द्यायची सवय. इथे जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. भांडी घासताना म्हणा, सिग्नलला थांबलात की म्हणा. व्हरायटी चौकाचा सिग्नल यासाठी पुरेसा लांब आहे. बोलता बोलता, कोणी नाव विचारलं तरी टाळी चुकली नाही, की पुढे जायचं.

मोठ्या सुर्दोकडे फक्त पहिलं घर असेल आणि मधल्याकडे आठवं-अकरावं, अशी वाटणीही होते. आमच्याकडे तशीच आहे. तिसरा, लहान सुर्दो पंधरा-सोळा वाजवून सगळ्यांना पुन्हा पहिल्या घरावर आणून सोडतो. तांबोरीं एक, चार, सात, अकरा, तेरा या घरांवर. अकराव्यावर ते सुर्दोला भेटतं आणि तेराव्यावर काइशाला. हरवलात की या दोन भेटी शोधा, लगेच रस्ता सापडतो.

४. पाय लावा

उभं राहून शिकलेलं चालताना गळून पडतं, म्हणून पाय लवकर जोडा. एका मात्रेला एक पाऊल. उजवा, डावा, उजवा, डावा. पहिलं घर उजव्या पायावर येतं, टाक नेहमी डाव्यावर. ही एक खूण धरून ठेवली तर गर्दीत, गोंगाटात, समोरून म्हैस आली तरी तुम्ही कुठे आहात ते कळतं. उजव्या पायावर टाक ऐकू आला तर समजा उलटलात. उड्या मारून सावरू नका. वाजवणं थांबवा, चालत राहा, पुढच्या उजव्या पायाला आत या. मध्येच थांबणं लाजिरवाणं नाही. उलटं वाजवत राहणं मात्र शेजारच्या तिघांना घेऊन बुडतं.

पाऊल छोटं ठेवा. लेझीमसारखी झेप नको. सुर्दोवाल्यांच्या मांडीवर ड्रम आपटतो, तिथे जुन्या टॉवेलची घडी बांधा.

५. हळू. अजून हळू.

आमचा ठेका मिनिटाला ९० ठोक्यांवर आहे. ऐकायला सोपं वाटतं. संदलवर वाढलेल्या हाताला हे छळासारखं असतं, कारण संदलमध्ये पोरं नाचायला लागली की लय चढते आणि ती चढवणं हेच वाजवणाऱ्याचं कौतुक. इथे समोर पोरं नाचली तरी लय तसूभर हलवायची नाही. त्या संथपणातच ठेक्याचं वजन आहे.

मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं, फुकट ॲप घ्या. ७० वर सुरू करा. दहा मिनिटं न चुकता झाली की ७४. घाई करून एका दिवसात ९० गाठलंत तर घरी जाऊन परत ७० ला या.

मग ही युक्ती करा, मला सर्वांत जास्त हिचाच उपयोग झाला. ॲप अर्ध्या वेगावर लावा, म्हणजे ८८ चा ठेका असेल तर ४४ वर. आणि तो टिक म्हणजे पहिली मात्रा नव्हे, टाक समजा. यंत्र फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बोलेल, बाकीचं तुम्ही सांभाळायचं. पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. आठवड्याने यंत्र सोबत्यासारखं वाटायला लागतं.

आठवड्यातून एकदा मोबाइल वीस-पंचवीस पावलांवर ठेवून रेकॉर्ड करा. पहिलं मिनिट आणि पाचवं मिनिट लागोपाठ ऐका. पोहेवाल्याचं म्हणणं खरं होतं हे मला तेव्हा कळलं.

६. मोठा ठोका मोठा वाटतो तो लहान ठोक्यांमुळे

हे खास ताशावाल्यांसाठी. ताशाचा प्रत्येक ठोका कडक असावा लागतो, नाहीतर ढोलांच्या वर ऐकू येत नाही. काइशावर हीच सवय घेऊन आलात तर सोळाच्या सोळा घरं सारख्या आवाजाची होतात आणि टाक बुडतो. मग तो वाचवायला तुम्ही आणखी जोरात मारता. मग सगळं पथक जोरात मारतं. शेवटी पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो.

जेम्स ब्राउनच्या ताफ्यातला ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड स्नेअरवर मधले ठोके इतके हलके घेई की ते ऐकू येण्यापेक्षा जाणवत. पुढे हिप-हॉपवाल्यांनी त्याचा ठेका असंख्य वेळा उचलला. आपल्याला तेच हवंय. पाचवं आणि तेरावं घर सोडून बाकी सगळे ठोके काडी पानापासून दोन बोटं वर उचलून, जवळजवळ पडू दिल्यासारखे. टाकसाठी काडी कानापर्यंत न्या. उंचीतला फरक म्हणजेच आवाजातला फरक, मनगटाची ताकद वापरायचीच नाही.

दादांनी मला यासाठी पानावर पाव किलो तांदळाची पुरचुंडी ठेवून वाजवायला लावलं होतं. हलक्या ठोक्याला पुरचुंडी हलता कामा नये, टाकला उडाली पाहिजे. तिसऱ्या दिवशी पुरचुंडी फुटली आणि तांदूळ मैदानभर झाले. चिमण्यांची चंगळ झाली. हात मात्र त्या दिवसापासून हलका पडायला लागला.

७. झुलणं

सोळा घरं वहीत सारखी दिसतात, कानाला सारखी नसावीत. सम घरं, म्हणजे दुसरं, चौथं, सहावं, अशी प्रत्येक किंचित उशिरा येतात. किती, हे मोजून सांगता येत नाही. पाटा-वरवंट्यावर वाटताना पुढे जाणारा आणि मागे येणारा हात सारखा वेळ घेत नाही, तसं काहीसं. ही जबाबदारी मुख्यतः खुळखुळ्याची आहे, म्हणून काकूंना कधी कमी लेखू नका. त्या झुलल्या तर पथक झुलतं. सुर्दोवाल्यांनी फक्त आठव्या घराचा धूम थोडा आळसावून द्यावा. पहिला महिना याचा विचारही केला नाहीत तरी चालेल.

८. कानापेक्षा डोळा

चालत्या पथकात मागची रांग पुढच्यापासून पंधरा मीटरवर असू शकते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मागे पोहोचायला सेकंदाचा साधारण तेविसावा भाग लागतो. ९० च्या लयीत एक घर सेकंदाच्या सहाव्या भागाचं. म्हणजे पुढचं ऐकून वाजवलंत तर पाव घर उशीर झालाच. त्यात इतवारीच्या गल्लीत भिंतींचा घुमारा. म्हणून मागच्यांनी म्होरक्याचा हात बघून वाजवायचं.

खुणा प्रत्येक गटाच्या वेगळ्या. आमच्याकडे वर धरलेली मूठ म्हणजे आवर्तन संपताच सगळे बंद, डोक्यावर थाप म्हणजे मूळ ठेक्याकडे परत, चार बोटं म्हणजे चार आवर्तनांनी बदल. शिट्टी वाजली की आधी वर बघा, मग विचार करा. नवखे बहुतेक वेळा आपल्या काडीकडे बघत असतात आणि पथक थांबल्यावर एकटेच वाजत राहतात. मी दोनदा राहिले आहे. दुसऱ्यांदा समोर एका नगरसेवकांचं भाषण सुरू झालं होतं.

९. मैदान आणि परवानगी

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्य वाजवता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. वीस ड्रमना ती पाळणं अशक्य, म्हणून जागाच वस्तीपासून लांब शोधायची. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती निदान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतं, त्यामुळे मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या आसपास सरावाचा विचारही नको. अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्यांनी आम्हाला एकदा हाकललं, आणि त्यांचं बरोबर होतं.

रस्त्यावर वाजवायचं असेल तर हद्दीच्या पोलीस ठाण्यात आधी अर्ज करा. रहदारी अडणार असेल तर वाहतूक शाखेकडेही. ठाण्यागणिक मागणी थोडी बदलते, पण एवढं जवळ ठेवा:

– अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच घेण्यासाठी
– जबाबदार व्यक्तीच्या आधारकार्डाची झेरॉक्स
– वादकांची यादी आणि फोन नंबर
– मार्ग, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ
– वाद्यांची संख्या
– मैदान किंवा बाग असेल तर मालकाचं किंवा संबंधित कार्यालयाचं ना-हरकत पत्र
– मंडळाने बोलावलं असेल तर त्यांच्या परवानगीची प्रत

"आमच्या मंडळाची परवानगी आहे, तुम्ही फक्त या" यावर विसंबू नका. प्रत मागा. एकदा आम्ही मागितली नव्हती आणि संध्याकाळ ठाण्याच्या बाकावर गेली. चहा मिळाला, वाजवायला नाही.

आणखी एक. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी हा ठेका काढू नका. त्या गर्दीला अंगात येणारं काहीतरी हवं असतं, तुमचा ९० चा ठेका ती दोन मिनिटांत गिळून टाकते.

१०. पिशवीत काय हवं

फोमचे कानातले बोळे, हे पहिल्या दिवसापासून. रेपिनिकेच्या शेजारी उभं राहून कान वाजत घरी गेलात की किंमत कळते. बोटांना लावायला कापडी चिकटपट्टी, जास्तीची काडी, ड्रम आवळायची चावी, कमरेचा रुंद पट्टा. खांद्यावरचा अरुंद पट्टा मानेला काचतो. पाणी प्रत्येकी दोन लिटर, आणि मार्च उजाडला की ताकाची बाटली. एप्रिल-मे मध्ये आम्ही सकाळी साडेसहाला सुरू करून आठच्या आत आवरतो. त्यानंतर नागपूरचं ऊन पत्र्याच्या ड्रमला हात लावू देत नाही.

चामड्याचं पान असेल तर ते उन्हात ताणतं आणि पावसाळी हवेत ढिलं पडतं. वाजवून झाल्यावर दोर सैल करून ठेवा, नाहीतर मे महिन्यात बंद खोलीत ते फाटल्याचा आवाज तुम्हाला रात्री उठवेल.

पहिल्या मोठ्या सरावानंतर दुसऱ्या दिवशी कुठे दुखतंय ते बघा. पोटऱ्या दुखत असतील तर ठीक, चालण्याची सवय नव्हती. मनगट दुखत असेल तर काडी उचलण्याऐवजी दाबत होतात, सहावी पायरी पुन्हा. खांदे कानापर्यंत चढून आखडले असतील तर ठेक्याच्या पुढे पळत होतात. त्यांनी परत ७० वर यायचं आणि दोन रविवार काड्या घरी ठेवून यायचं.